न्हाणीघरातील अलक्ष्मी

आश्विन वद्य चतुर्दशीचा अरुणोदय म्हणजे महाराष्ट्रातील घरोघरचा स्नानोत्सव होय. एरवी वर्षभर स्नान हे नित्यकर्म असते. या एका प्रभाती मात्र स्नान हाच सण होतो. अंगास तिळाचे तेल, त्यावर सुगंधी उटणे, मस्तकाभोवती फिरवलेला आघाडा, पाटाभोवती रांगोळी आणि दारात पणती अशा थाटात नरकचतुर्दशीचे अभ्यंग पार पडते. परंतु ज्या ठिकाणी हा सोहळा व्हावयाचा, त्या न्हाणीघराची दशा काय असते? दीपावलीच्या आधी देवघर उजळते, माळा झाडला जातो, पितळी भांड्यांना चिंचेचा हात लागतो, अंगण सारवले जाते. न्हाणीघरातील फडताळाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. फार तर फरशी घासली जाते आणि वरच्या बाटल्या एका बाजूच्या दुसऱ्या बाजूस सरकतात.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या उत्सवात केवळ लक्ष्मीचे आवाहन सांगितलेले नाही. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ हा १६१२ सालचा ग्रंथ. त्यात अमावास्येच्या मध्यरात्री नगरातील स्त्रियांनी सुपे व डिंडिम वाजवीत आपापल्या घरांगणातून अलक्ष्मीस बाहेर घालवावे, असा विधी आला आहे. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहण्याची आपली चाल याच विचाराची साक्ष देते. आधी निःसारण, मग आवाहन, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पाहुणा यावयाचा असेल तर आधी जागा मोकळी करावी लागते. लक्ष्मीही त्याला अपवाद नाही.

त्रेसष्ट वस्तूंची मोजणी

यंदा वसुबारसेच्या आधीच आम्ही हे काम हाती घेतले. श्रीनरसिंग महाराजांच्या या अकोट नगरीत आमचे घर जुने आहे. न्हाणीघर लहान, त्यात एक भिंतीतले फडताळ आणि एक पत्र्याची मांडणी. सौ. म्हणाल्या, “कीर्तनात लोकांना त्याग सांगता, एकदा ते फडताळ तरी रिकामे करून दाखवा.” हा टोला वर्मी बसला. ओसरीवर आमच्या अकोटच्या विणकराची एक जुनी सतरंजी अंथरली आणि फडताळातील एकेक वस्तू तीवर आणून मांडली.

मोजणी झाली ती अशी : उटण्याच्या पुड्या ९, शाम्पूच्या बाटल्या ७, साबणाच्या वड्या १२, अत्तराच्या कुप्या ११, दात घासण्याचे ब्रश ८, दाढीची पाती व वस्तरे ६, मलमांच्या नळ्या ५, काजळाच्या डब्या ३ आणि केशरंगाच्या बाटल्या २. एकूण त्रेसष्ट! पाच माणसांच्या कुटुंबात नित्य वापरातील वस्तू यांच्या पाव हिश्शाच्याही नव्हत्या.

दोष कोणाचा हे पाहू जाता पहिला मान आमचाच ठरला. कीर्तनकाराच्या हाती नारळ-शालीबरोबर अत्तराची कुपी किंवा साबणाची पेटी देण्याची पद्धत आहे. ‘पुढे कामास येईल’ म्हणून ती फडताळात जाते आणि पुढचे कीर्तन होईपर्यंत विस्मृतीतही जाते. केशरंगाच्या बाटल्यांची कथा तर सांगण्यास संकोच वाटावा अशी आहे. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या सप्ताहापूर्वी आम्ही केस काळे केले. कपाळावर व मानेवर पुरळ उठले, डोळे सुजले आणि सात दिवस उपरण्याने कपाळ झाकून कीर्तन करावे लागले. काळ्या केशरंगांतील काही द्रव्ये अनेकांच्या त्वचेस सोसत नाहीत, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. तरीही पैसे पडले आहेत या एका विचारापायी त्या बाटल्या तीन वर्षे आमच्याकडे टक लावून उभ्या होत्या.

शाम्पूच्या सात बाटल्यांचे कारण आमच्या भूमीत आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांच्या परिचयाचा आहे. या पट्ट्यातील भूगर्भजल खारट आणि जड. जड पाण्यातील चुन्यासारखी द्रव्ये साबणाशी संयोग पावली की फेस न होता दह्यासारखा मळ तयार होतो. तो केसांस चिकटतो, केस राठ होतात, आणि घरातील सुना-लेकी एक बाटली अर्धी टाकून दुसरी आणतात. धरणाचे पाणी नळाने आले तरी जेथे विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्यावर भागवावे लागते, तेथे ही अडचण कायम राहते. दोष बाटलीचा नसून पाण्याचा आहे, हे उमगले तर तिसरी बाटली घरात येणार नाही. आमच्या आजीचा रिठा जड पाण्यातही फेस देई. शेवटचे पाणी साठवलेल्या पावसाच्या किंवा गोड पाण्याचे घ्यावे, एवढी तिची युक्ती होती.

मुदतीचा विचार नवा नाही

वस्तूवरील मुदतीची तारीख ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, अशी अनेकांची समजूत असते. सुमारे सातशे वर्षांपूर्वीची मानली जाणारी ‘शार्ङ्गधरसंहिता’ उघडून पाहावी. तिच्या आरंभीच्याच अध्यायात औषधी द्रव्यांच्या मुदती दिल्या आहेत. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, गोळ्या व अवलेह वर्षानंतर उतरतात, सिद्ध घृत-तैलांनाही मर्यादा असते. उलट आसव, धातू व रसकल्प जुने झाल्यास अधिक गुणवान ठरतात, असा त्याचा आशय. चूर्णाची मुदत सर्वांत अल्प का, याचे उत्तर सोपे आहे. वस्तू जितकी बारीक तितका तिचा वाऱ्याशी व दमटपणाशी संपर्क अधिक. सुगंध उडतो आणि ओल शिरते. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद यांचे उटणे हेही चूर्णच होय. मग गतवर्षीची पुडी, परवाच्या वर्षीची पुडी आणि त्याही आधीची पुडी न्हाणीघराच्या वाफेत ठेवून तिजकडून सुगंधाची अपेक्षा कशी करावी? आमच्या नऊ पुड्यांपैकी चार तर दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या व एकीत कीड होती.

आधुनिक नियमही याच वाटेने जातात. भारत शासनाच्या २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, उत्पादनाचा गट क्रमांक आणि कोणत्या महिन्यापूर्वी व वर्षापूर्वी वापरावे याचा उल्लेख लागतो. अनेक डब्यांवर झाकण उघडलेल्या डबीचे एक इवलेसे चित्र असते व त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरावी, असा त्याचा अर्थ. डोळ्यांत घालावयाच्या काजळादी वस्तू उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांपलीकडे ठेवू नयेत. दात घासण्याचा ब्रश तीन-चार महिन्यांनी पालटावा. औषधे तर न्हाणीघरात ठेवूच नयेत. तेथील ऊब व ओल यांनी ती मुदतीपूर्वीच बिघडतात. त्यांची जागा कोरड्या खोलीत, मुलांच्या हाताबाहेर.

निवड कशी करावी

गृहिणींच्या सोयीसाठी आम्ही अवलंबिलेली रीत सांगतो. सतरंजीवर तीन भाग केले : ठेवावयाचे, द्यावयाचे व टाकावयाचे. प्रत्येक वस्तू हाती घेऊन तीन प्रश्न विचारले. मुदत आहे काय? वास, रंग वा पोत पालटला आहे काय? आणि गेल्या चातुर्मासात एकदा तरी वापरली काय? तेल खवट झाले असेल, मलमातून पाणी सुटले असेल, तर दया दाखवू नये. साबणाचे तुकडे मात्र टाकण्याचे कारण नाही. किसून कोमट पाण्यात भिजवले की पायपुसणी धुण्यास उत्तम.

द्यावयाच्या भागात एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कठोपनिषदातील नचिकेत आठवावा. पित्याने यज्ञात दान दिलेल्या गाई म्हाताऱ्या व दूध आटलेल्या आहेत हे पाहून त्या बालकाचे मन व्यथित झाले, आणि तेथूनच ती महान कथा सुरू झाली. अर्धी वापरलेली बाटली कामवाल्या बाईच्या हाती देऊन पुण्य जोडू पाहणे हे त्या गाईंच्या दानासारखेच आहे. द्यावयाचे ते न उघडलेले, मुदतीतील आणि आपणही आनंदाने वापरू असेच असावे.

टाकण्यातही विवेक हवा. पाती व सुया उघड्यावर टाकू नयेत. सफाई कामगाराच्या हाताला त्या लागतात. पत्र्याच्या डब्यात घालून, झाकण चिकटवून, वर तसे लिहून द्याव्यात. केंद्र शासनाच्या २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी मुदतबाह्य औषधे, फुटलेले पाऱ्याचे तापमापक व वापरलेल्या सुया यांना घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे ठरविले होते. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता नगरपालिकेकडे निराळा द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, उरलेसुरले द्रव एकाच बादलीत वा मोरीत एकत्र ओतू नये. संडास धुण्याचे आम्ल व विरंजक चूर्ण एकत्र आल्यास क्लोरिन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेततो. स्वच्छतेच्या भरात असे अपघात घडतात.

चौसष्टावी वस्तू

त्रेसष्ट वस्तूंची वाटणी झाली आणि आम्ही हात धुण्यास उठलो. तेवढ्यात सूनबाईंना मांडणीमागे फडक्यात गुंडाळलेली एक पांढरी डबी सापडली. तीवर ना नाव, ना गाव, ना तारीख. आमची नात एकदम पुढे झाली आणि ती हातातून घेऊ लागली. तिचा चेहरा उतरला होता. पुष्कळ विचारल्यावर कळले, की दीपावलीनंतर तिला पाहण्यास पाहुणे येणार आहेत. म्हणून ओळखीच्या एका बाईकडून गोरे होण्याचे हे मलम तिने आणले होते व दोन महिने रोज रात्री लावीत होती.

आमच्या उरात धस्स झाले. त्यास कारण होते. आमच्याच जिल्ह्यातील घटना आहे. २०२२ साली अकोल्यातील एका घरातील तरुण मुलगी, तिची आई व थोरली बहीण अशा तिघींना पाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार जडला. एकाच घरात तिघींना एकच विकार कसा, याचा शोध घेता असे दिसले की तिघीही स्थानिक सौंदर्यप्रसाधन करणाऱ्या बाईकडून घेतलेले एकच गोरेपणाचे मलम वापरीत होत्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तज्ज्ञांच्या साहाय्याने तपासणी झाली आणि त्या मलमात पारा आढळला. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील अशाच विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी एका विशिष्ट प्रकारच्या १५ रुग्णांत तेरांनी गोरेपणाची मलमे वापरली होती.

पारा त्वचेचा रंग घडविणाऱ्या क्रियेलाच अडवितो, म्हणून चेहरा काही दिवसांत उजळल्यासारखा दिसतो. परंतु तो त्वचेतून रक्तात व रक्तातून मूत्रपिंडात पोचतो. तेथील सूक्ष्म गाळण्या बिघडल्या की शरीरातील प्रथिने लघवीवाटे निसटू लागतात. लघवीस फार फेस येणे, पावलांवर व डोळ्यांखाली सूज येणे ही त्याची लक्षणे होत. टॉवेल, उशी व स्पर्श यांवाटे घरातील लहान मुलांनाही त्याची बाधा होऊ शकते. आपल्या २०२० च्या नियमांनी सामान्य प्रसाधनांत नकळत येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग इतकीच ठरविली आहे. पाऱ्याच्या उपद्रवाविरुद्ध झालेल्या मिनामाता करारात भारत २०१८ साली सहभागी झाला. कायदा आहे, पण ज्या डबीवर नावच नाही, तिला कायदा शोधणार कोठे?

दुसऱ्या दिवशी आम्ही नातीस डॉक्टरांकडे नेले. डबीही सोबत नेली, कारण काय लावले हे वैद्यास दाखविणे अर्धे निदान असते. लघवीची तपासणी झाली. दोष आढळला नाही. असे मलम वेळीच थांबवले तर बहुतेकांचा विकार ओसरतो, पण महिनाभराने पुन्हा तपासून घ्या, असे त्यांनी सांगितले. डबी दोन पिशव्यांत घट्ट बांधून घातक कचऱ्यात दिली. जाळली नाही, कारण जाळल्याने पाऱ्याची वाफ होते. मोरीत ओतली नाही, कारण ते विष नाल्यावाटे नदीस मिळते.

नातीचा प्रश्न

त्या रात्री आम्ही तिला चार शब्द सुनवावेत अशा बेतात होतो. तीच आधी म्हणाली, “आबा, तुम्ही रागावू नका. पण रुक्मिणीस्वयंवराच्या कीर्तनात तुम्हीच तर गौरकांती, चंपकवर्ण म्हणून एवढं वर्णन करता. मी लहानपणापासून ऐकते आहे. सावळ्या नवरीची गोष्ट तुम्ही कधी सांगितली?”

आम्ही निरुत्तर झालो. केशरंगाच्या दोन बाटल्या अजून सतरंजीच्या कडेला होत्या. सत्तरीकडे झुकलेला आजोबा पांढरे केस लपवितो आणि विशीतली नात सावळा रंग लपविते. मलम निराळे, रोग एकच.

त्या रात्री आम्ही श्रीमद्भागवताचा दशम स्कंध पुन्हा काढला. रुक्मिणी ही आमच्या वऱ्हाडची लेक. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर. त्रेपन्नाव्या अध्यायात अंबिकेच्या देवळातून बाहेर येणाऱ्या रुक्मिणीचे वर्णन करताना व्यासांनी तिला जे विशेषण योजिले आहे ते ‘श्यामा’ असे आहे. टीकाकार त्याचा अर्थ यौवनाच्या उंबरठ्यावरील कन्या असा लावतात आणि तो अर्थ शास्त्रशुद्धच आहे. परंतु श्यामा म्हणजे सावळी हाही अर्थ कोशात आहे. ‘गौर’ हा शब्द मात्र त्या ठिकाणी आमच्या दृष्टीस पडला नाही. चाळीस वर्षे आम्ही जे गोरेपण रंगवून सांगितले ते व्यासांचे नव्हते, आमच्या पदरचे होते. द्रौपदीचे तर नावच कृष्णा. तिच्या वर्णावरून ते पडले. भारतकर्ते व्यासही कृष्णद्वैपायन. श्रीराम श्याम, पंढरीचा पांडुरंग काळा. देवळात ज्या रंगापुढे आपण लोटांगण घालतो, तोच रंग घरच्या मुलीच्या मुखावर आला की त्यास उणेपण म्हणतो. ही विसंगती न्हाणीघरातील कोणत्याही बाटलीपेक्षा जुनी आणि अधिक आंबलेली आहे.

एका गाडग्याचा संसार

अकोटहून फार दूर नसलेल्या शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी श्रीगाडगेबाबांचा जन्म झाला. ते कीर्तनकारांचे कीर्तनकार होते. पण दिवसा हातात खराटा आणि रात्री मुखी नाम हा त्यांचा क्रम होता. गावात आल्यावर आधी गाव झाडीत, मग लोकांच्या मनातील केर काढण्यास उभे राहत. अंगावर चिंध्यांची गोधडी आणि हाती एक गाडगे, त्यातच अन्न आणि त्यातच पाणी. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक त्यांनी देह ठेवला, तेव्हा स्वतःच्या उपभोगाची म्हणावी अशी वस्तू त्यांच्यापाशी नव्हती; आणि धर्मशाळा, घाट, शाळा यांच्या रूपाने समाजासाठी ठेवलेले धन अपार होते. महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावे चालविले, ते उगीच नव्हे.

आपण गृहस्थाश्रमी; एका गाडग्यावर आपला संसार होणार नाही. परंतु पतंजलींनी यमांत अपरिग्रह आणि नियमांत अगदी प्रथम शौच ठेवले, त्या दोहोंचा संबंध आम्हांस यंदा त्या सतरंजीपाशी कळला. अधिक वस्तूंनी देह अधिक शुद्ध होत नाही. चौसष्ट वस्तूंपैकी सतरा ठेवल्या, नऊ दिल्या, अडतीस बाहेर गेल्या. फडताळाचा तळ कित्येक वर्षांनी दिसला. सौ.नी तो पुसून तेथे तेलाची वाटी, यंदाच्या उटण्याची एकच पुडी आणि साबणाची एक वडी ठेवली.

नरकचतुर्दशीस आम्ही पांढऱ्या केसांनीच पाटावर बसणार आहोत. पाहुणे भाऊबीजेनंतर येतील. नात आहे त्या वर्णाने त्यांच्यापुढे येईल. पसंती-नापसंती त्यांची आणि तिचीही. कार्तिकातील कीर्तनसेवेत रुक्मिणीस्वयंवर लागले आहे, तेथे यंदा ‘श्यामा’ या एका शब्दावर आम्ही निरूपण करणार आहोत, आणि ती पुढच्या रांगेत बसणार आहे.

सुज्ञ वाचकांनी सणापूर्वी एक दुपार काढावी, न्हाणीघराचे फडताळ रिकामे करावे आणि विशेषतः ज्या डबीवर नाव नाही ती कोणाची व कशासाठी, हे घरातील लेकीसुनांना न रागावता विचारावे. अलक्ष्मी बाहेर गेली की दार उघडेच असते. दीपावली सर्वांस आरोग्याची व समाधानाची जावो.